शेवटच्या घासापर्यंत गरम राहील असं थंडीतलं जेवण: मदत हवी

पाचोळा | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरी आम्ही तिघं. मी, नवरा (महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, तेव्हा त्याला हिशेबात धरू नका) आणि सासरे, वय ७६. मी घरी पोचते सात-सव्वासातला. तोवर अंधार पडलेला असतो, ओट्याला हात लागला की बोटं बधिर होतात आणि भांडी विसळायच्या नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो. मग काय, पाकिटातलं सूप आणि टोस्ट, नाहीतर झटपट नूडल्स. तेवढ्यापुरतं पोट भरतं आणि रात्री दहा वाजता मी बिस्किटांच्या डब्यात हात घालून उभी!

माझं एक वेळ चालेल. खरा प्रश्न सासऱ्यांचा आहे. कवळी आहे, त्यामुळे फार चावायचं नको. रक्तदाब आहे, त्यामुळे मीठ कमी. आणि जेवतात अगदी सावकाश, सहज पाऊण तास. मी वाफाळतं वाढते, पण दहा मिनिटांत सगळं गार. परवा अर्धं सूप तसंच ठेवून उठले. विचारलं तर म्हणाले, "चव चांगली होती गं, पण चौथ्या चमच्यानंतर गार पाणी पितोय असं वाटतं." मधेच उठून गरम करून द्यायला गेले की "राहू दे, तू जेव आधी."

तर मऊ, पौष्टिक, कमी मिठाचं, अर्ध्या-पाऊण तासात होणारं आणि मुख्य म्हणजे गरम राहणारं काय करता येईल? मांसाहार चालतो, पण क्वचित.


सव्वाशेर | सोमवार, रात्री ११.०५

सोप्पंय. आलं, लसूण, मिरी, दालचिनी. सगळ्यात घाला. उष्ण पदार्थ पोटात गेले की आतून शेकोटी पेटते, मग ताट गार असलं तरी फरक पडत नाही. विषय संपला.


मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ७.१५

सव्वाशेर, विषय एवढ्यात संपवू नका, मला सुट्टी आहे आज.

तिखटाने 'गरम वाटतं' हे खरं. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या संवेदकाला चिकटतं, तो संवेदक एरवी ४३ अंशांच्या वरची ऊब लागली की जागा होतो. म्हणजे दारात कुणीच नसताना घंटा वाजवल्यासारखं आहे ते. (हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर विभागून.) पण मेंदूला ती वर्दी खरी वाटते, मग तो घाम काढतो, आणि घामाने अंग गार होतं. थंडीत हवंय त्याच्या बरोबर उलटं. चवीला घाला की, कोण नको म्हणतंय. शेकोटी म्हणून घालू नका.

आता सुपाचा हिशेब. ३०० मिली पातळ सूप, ६० अंशांवर प्यायलं. पोटात जाऊन ते ३७ ला येणार. २३ गुणिले ३०० म्हणजे ६९०० कॅलरी, आपण खाण्यात मोजतो त्या भाषेत जेमतेम ७ किलोकॅलरी. एवढीच काय ती सुपाच्या गरमपणाची कमाई. त्याच वाडग्यात ५० ग्रॅम मसूर शिजवलेली असेल तर तिच्यातून १७० च्या आसपास मिळतात, आणि त्यातल्या प्रथिनांच्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के तर ती पचवण्यातच खर्ची पडून उष्णता म्हणून बाहेर येते. पिठूळ पदार्थांत हाच आकडा ५ ते १० टक्के, तेला-लोण्यात त्याहून कमी.

पाचोळा, पाकिटातल्या सुपाने पाच मिनिटं बरं वाटतं आणि दहाला बिस्किटं लागतात ती यामुळे.


पाचोळा | मंगळवार, सकाळी ७.४०

माझ्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावलाय की काय तुम्ही?


निवांत_काका | मंगळवार, सकाळी १०.२०

आकडेमोड झाली असेल तर पातेलं चढवू या.

पाचोळाताई, मी एकटा राहतो, वय तुमच्या सासऱ्यांच्या आसपासच. थंडीचे तीन महिने रात्रीचं माझं जेवण ठरलेलं: मसूर आणि भोपळा. दोघांसाठी सांगतो. सालं काढलेली लाल मसूर एक वाटी, धुऊन. भिजवायची गरज नाही. एक मोठा कांदा, दोन गाजरं, लाल भोपळ्याची तळहाताएवढी फोड. लसणाच्या चार पाकळ्या सगळ्यांत आधी ठेचून बाजूला ठेवा, दहा मिनिटं. ठेचल्यावरच लसणाचा खरा गुण तयार होतो आणि त्याला तेवढा वेळ लागतो, लगेच तापल्या तेलात टाकला की ते काम अर्धवट राहतं.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, जिरं, मग कांदा. कांद्याला घाई करू नका. कडेने तपकिरी झाला पाहिजे, कारण मीठ कमी घालायचंय तर चव दुसरीकडून आणावी लागते आणि ती इथून येते. मग लसूण, गाजर, भोपळा, मसूर आणि चार वाट्या गरम पाणी. गरमच घाला, नाहीतर पुन्हा उकळी येईपर्यंत दहा मिनिटं वाया. पहिल्या उकळीला फेस येतो तो काढून टाका, नंतर झाकण तिरकं ठेवून वीस मिनिटं मंद आचेवर.

झालं की रवीने घुसळा. मिक्सर नको, थोडं रवाळ राहू दे. आता माझी परीक्षा: चमच्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढा. रेघ लगेच भरून आली तर पातळ आहे, आणखी आटवा. 'एक, दोन' म्हणेपर्यंत तळ दिसत राहिला आणि मग हळूच मिटला तर जमलं. मीठ आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. लिंबाने मीठ निम्म्यावर भागतं.

हे गार होत नाही. का होत नाही ते मोजपट्टींना विचारा, मला फक्त होत नाही एवढं माहीत आहे.


मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ११.००

काकांनी बोलावलं म्हणून. पातळ रसात वरचा थर गार झाला की जड होऊन खाली जातो, खालचा गरम वर येतो, तोही गार होतो. हा फेरा चालूच. दाट पदार्थात हा फेरा अडतो. वर साय धरते, आतला गोळा तापलेला राहतो.

आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे वाफ. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० किलोकॅलरी लागतात, आणि तेच सगळं वाफ करून उडवायला ५४० च्या आसपास. म्हणजे वाडग्यातून उडणारी प्रत्येक वाफ केवढी उष्णता घेऊन जाते बघा. म्हणून सुपावर तेलाचा बारीक तवंग असेल तर ते जास्त वेळ गरम राहतं. म्हणूनच वाडग्यावर ताटली झाकून खाल्लं तर निम्मं काम होतं.

वाडगा कुठला आहे, सासऱ्यांचा?


पाचोळा | मंगळवार, दुपारी १.३०

स्टीलचा, पसरट. त्यांचाच हट्ट, काचेचा फुटेल म्हणून.


मोजपट्टी | मंगळवार, दुपारी १.३४

सापडला चोर. पातळ पत्रा, पसरट तोंड, खाली थंडगार टेबल. खोल आणि अरुंद तोंडाचा घ्या, दुहेरी भिंतीचा स्टीलचा मिळाला तर उत्तम, फुटायची भीती नाही. वाढायच्या आधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओता, पुसा, मग वाढा. आणि एकदम भरून देऊ नका. अर्धा वाडगा द्या, उरलेलं टेबलावरच झाकलेल्या भांड्यात.


ताटलीभर | मंगळवार, दुपारी २.१०

वाचनखूण साठवली. स्वयंपाकघरच गार असेल तर जेवण होईपर्यंत एक शेगडी बारीक चालू ठेवायची, खिडकी लावून. खोली मस्त उबदार होते. आम्ही करतो.


आजीची_पिशवी | मंगळवार, दुपारी २.२५

ताटलीभर, कृपा करून हे आजपासून बंद. बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. स्वयंपाक चालू असताना खिडकी बोटभर का होईना उघडी हवी. ऊब हवी तर स्वेटर घाला.


ताटलीभर | मंगळवार, दुपारी २.४०

बापरे. बंद केलं. धन्यवाद.


सव्वाशेर | मंगळवार, रात्री ९.१५

काकांचं सूप ठीक आहे पण रोज तेच? माझा उपाय: संथ आचेचा विजेचा कुकर. सकाळी राजमा, कांदा, टोमॅटो, पाणी घालून बटण दाबायचं आणि कामावर जायचं. संध्याकाळी दार उघडलं की वास. भिजवायचीही भानगड नाही.


आजीची_पिशवी | मंगळवार, रात्री ९.५०

आज माझं नशीबच असं दिसतंय. सव्वाशेर, तुम्हाला यातून अजून त्रास झाला नसेल तर देवाचे आभार माना.

मी बावीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. तिथे राजम्याचा नियम भिंतीवर लिहिलेला होता. लाल राजम्यात एक लेक्टिन, म्हणजे विषारी प्रथिन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात, मग जुलाब. खळखळ उकळलं की ते मरतं, पण मंद आचेच्या भांड्यात पदार्थ ७५-८० अंशांवरच राहू शकतो, आणि त्या तापमानाला अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो.

म्हणून: किमान पाच तास भिजवा, मी रात्रभरच सांगेन. ते पाणी फेका. नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा. त्यानंतर हवं तर मंद आचेवर ठेवा. साध्या प्रेशर कुकरला काही काळजी नाही, पूर्ण दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं.

आणि टोमॅटो शेवटी. आंबट आधी पडलं की दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो, कवळीवाल्याला ते चालणार नाही. भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर साल मऊ होते. पाणी फेकायचंच असतं, त्यामुळे रक्तदाबवाल्यांनी घाबरू नये.


सव्वाशेर | मंगळवार, रात्री १०.०५

दोनदा पोट बिघडलं होतं. मी बाहेरच्या खाण्यावर ढकललं होतं. :(


निवांत_काका | मंगळवार, रात्री १०.३०

आपलं नाव सव्वाशेर, पण पोट पावशेर. चालायचंच. भिजवा आता.


पाचोळा | गुरुवार, रात्री ९.३०

अहवाल देते. काल काकांची मसूर केली. खाली लागली. करपलेला वास सगळ्यात उतरला. सासऱ्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि वर "धुरी दिल्यासारखी चव आली आहे, मुद्दाम केलंस का?" म्हणाले. मी हो म्हटलं.

पण!! गार झालं नाही. वाडगा तापवून घेतला, वर ताटली झाकली, अर्धा-अर्धा वाढला. सगळं संपलं. आणि मीही दहा वाजता बिस्किटांकडे गेले नाही.

लागली का पण? पातेलं जाडच होतं.


निवांत_काका | गुरुवार, रात्री ९.४५

रेघ ओढून बघायच्या नादात जास्त आटवलंत. दाट झालं की ते तळाशी फिरत नाही, तिथेच बसतं आणि करपतं. मोजपट्टींचाच नियम, फक्त आपल्यावर उलटलेला. शेवटची पाच-सात मिनिटं ढवळत उभं राहावं लागतं. आणि लागलंच तर खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, तळाला हात न लावता. वास फारसा उतरत नाही.


पाचोळा | गुरुवार, रात्री ९.५२

मी खरवडलं होतं. जोर लावून.


कोपरा | गुरुवार, रात्री १०.१०

मीठ कमी करायचं तर ते 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं ना, ते वापरा. चव तीच.


आजीची_पिशवी | गुरुवार, रात्री १०.२५

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि ते हृदयावर येतं. ७६ वर्षांच्या माणसाला तर विचारूनच.

जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात पाव, बिस्किटं, सॉस सगळं आलं. पाचोळा, पाकिटाच्या मागचा बारीक अक्षरातला तक्ता वाच एकदा. सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ. मग सुपाचं पाकीट हातात घ्यायची इच्छा आपोआप कमी होते.

चवीसाठी वाळवलेल्या अळिंब्या वापर. मूठभर गरम पाण्यात भिजवायच्या, ते पाणी गाळून सुपात. बिनमिठाचं आहे हे ओळखूही येत नाही.


रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४.५०

ड्युटीवर चहाच्या सुट्टीत धागा वाचतेय. वेळेचाच प्रश्न असेल तर माझी पद्धत सांगते, वीजही लागत नाही.

पातेलं खळखळ उकळवायचं, झाकण घट्ट लावायचं आणि गॅसवरून काढून दुलईत गुंडाळायचं. बस. आत आपोआप शिजत राहतं. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई होती तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघरी गवत भरलेल्या खोक्यात हेच करायचे. मी पुठ्ठ्याचं खोकं घेतलंय, खाली जाड घडी केलेलं ब्लँकेट, मधे पातेलं टॉवेलात, वर उशी. जव, मसूर, गाजर, रताळी, बटाटे सगळं होतं. रताळी तर साध्या उकडण्यापेक्षा गोड लागतात. हळूहळू तापली की त्यातल्या पिठाची साखर व्हायला वेळ मिळतो.

चार तासांपेक्षा जास्त ठेवत नाही, आणि खायच्या आधी एकदा उकळी काढते. मांस यात करत नाही.


आजीची_पिशवी | शुक्रवार, सकाळी ८.००

रात्रपाळीने सांगितलेल्या दोन्ही अटी पक्क्या पाळायच्या. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या आवडीचा टापू. पातेलं ६० च्या वर असेपर्यंत काळजी नाही. सकाळी आठला गुंडाळून संध्याकाळी सातला उघडायचं, असं मात्र कुणी करू नका.

उरलेल्या अन्नालाही तेच. थंडी आहे म्हणून मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय असते लोकांना. आतला भाग तासन् तास कोमट राहतो. उथळ डब्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भाताला तर विशेष जपा. त्यातल्या एका जंतूचं विष नंतर उकळूनही जात नाही.


पाचोळा | शुक्रवार, सकाळी ८.२०

अरेरे, म्हणजे माझ्यासाठी बाद. मी सकाळी आठला निघते.


मोजपट्टी | शुक्रवार, सकाळी ८.३१

दुपारी घरी कोण असतं?


पाचोळा | शुक्रवार, सकाळी ८.३३

सासरे. पण त्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नाहीये. आणि भरलेलं पातेलं उचलायला नको, हाताला कंप आहे.


मोजपट्टी | शुक्रवार, सकाळी ८.४०

उचलायचं नाहीच. गॅस बंद करून, शेगडी निवल्यावर, पातेलं तिथेच ठेवून वरून गुंडाळायचं. बुडाखालून थोडी ऊब जाईल, जाऊ दे. फक्त दुलईचं टोक ज्योतीच्या जवळ नको, आणि जेवण होईपर्यंत दुसरी शेगडीही पेटवायची नाही. एक थर्मामीटर आणा, स्वयंपाकाचा, सळईवाला.


पाचोळा | शनिवार, रात्री ८.५०

पहिला प्रयोग फसला. आज मी घरीच होते म्हणून दोघांनी मिळून केला. छोट्या पातेल्यात अर्ध्यापर्यंत जव-मसूर, काचेचं झाकण, वर ब्लँकेट. तीन तासांनी ५१ अंश. जव दाताखाली कचकच. सासरे दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघत होते हेही सांगायला हवं. पुन्हा उकळून, अर्धा तास शिजवून खाल्लं.


मोजपट्टी | शनिवार, रात्री ९.०५

अर्धं भरलेलं म्हणजे अर्धी हवा. उष्णता साठते ती पाण्यात, हवेत नाही. मोठं पातेलं, दोन-अडीच लिटर, काठोकाठ नाही पण झाकणाखाली तीन बोटं जागा राहील एवढं भरा. जव आदल्या रात्री भिजवा. उकळी आल्या आल्या बंद करू नका, पंधरा मिनिटं झाकण ठेवून उकळू द्या, म्हणजे दाण्याच्या आतपर्यंत उष्णता पोचते. आणि सासऱ्यांना सांगा, झाकण उघडलं की वाफ गेली, वाफ गेली की ५४०.


चौथा_चमचा | मंगळवार, सायंकाळी ५.१०

सर्व सभासदांस नमस्कार. मी वरील धागाकर्तीचा सासरा. सूनबाईंनी काल मला या ठिकाणी खाते उघडून दिले. टंकलेखनाचा सराव नोकरीत होता, त्यामुळे अडचण नाही.

आजच्या प्रयोगाची नोंद सादर करतो. जव एक वाटी (रात्रभर भिजवलेले), मसूर अर्धी वाटी, गाजरे तीन, कांदा एक, आले बोटभर, लसूण सहा पाकळ्या (ठेचून दहा मिनिटे ठेवला, घड्याळ लावून). भाज्या सूनबाई सकाळी चिरून ठेवून गेल्या होत्या. पाणी त्यांनी खुणेपर्यंत भरून ठेवले होते. दुपारी ३.२० ला गॅस पेटवला. ३.४० ला उकळी. ३.५५ ला बंद. शेगडी हात लावण्याइतकी निवल्यावर ४.०५ ला गुंडाळले. झाकण अद्याप उघडलेले नाही. दोनदा मोह झाला.

श्री. मोजपट्टी यांस प्रश्न: पातेल्याला कान लावला असता आत बुडबुड्यांचा आवाज येत नाही. आत काही चालू आहे याची खात्री कशी करावी?


मोजपट्टी | मंगळवार, सायंकाळी ५.१८

काका, साष्टांग दंडवत. आवाज नाही येणार. शिजायला उकळी लागत नाही, ८०-८५ अंशांनाही जव मऊ होतो, वेळ जास्त लागतो इतकंच. कान लावू नका, विश्वास ठेवा.


चौथा_चमचा | मंगळवार, रात्री ८.४०

७.२५ वाजता उघडले. ७३ अंश. जव बोटाने दाबला असता चिरडला जातो. सूनबाई आल्यावर एक उकळी काढून लिंबू व किंचित मीठ घातले. वाडगा तापवून घेतला. पहिल्या चमच्याला जीभ भाजली.


आजीची_पिशवी | मंगळवार, रात्री ९.००

अभिनंदन, पण काका, इतकं कढत खाऊ नका. ६५ अंशांच्या वरची कढत पेयं नेहमी घेणं अन्ननलिकेला घातक असावं, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये त्यांना 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकलंय. दोन-चार मिनिटं थांबा. थर्मामीटर आहेच हाताशी.


चौथा_चमचा | मंगळवार, रात्री ९.१२

सूचना मान्य. उद्यापासून ५८ ते ६० अंशांवर भोजनास प्रारंभ करीन.


पाचोळा | मंगळवार, रात्री ९.३०

हे खरंच थर्मामीटर घेऊन जेवायला बसणार आहेत. तुम्ही सगळे जबाबदार आहात याला.

आणि हो, शेवटी वाडग्यात किती होतं तेही मोजलं त्यांनी, ४४ अंश. पन्नास मिनिटांनी.


सव्वाशेर | मंगळवार, रात्री १०.००

काका, तुमच्या पद्धतीने राजमा जमेल का? भिजवून, अर्धा तास उकळून, मग दुलईत?


चौथा_चमचा | मंगळवार, रात्री १०.०८

आजीची_पिशवी यांची लेखी परवानगी मिळाल्यास प्रयत्न करीन.


आजीची_पिशवी | मंगळवार, रात्री १०.२०

परवानगी आहे, अटी त्याच: भिजवणे, पाणी फेकणे, अर्धा तास खळखळ उकळणे, आणि खाण्याआधी पुन्हा उकळी. दाणा मधोमध चिरडला गेला नाही तर सरळ कुकरला लावा. जुना राजमा असेल तर तो दुलईत काय, कशातच लवकर शिजत नाही.


रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४.४०

काका, दुलई कोणती वापरताय? धुता येईल अशीच घ्या. पातेलं टॉवेलात नीट गुंडाळलं नाही तर वाफेने दुलईला लसणाचा वास धरतो. अनुभवाचे बोल.


चौथा_चमचा | बुधवार, सकाळी ६.३०

सूचना उशिरा मिळाली. दुलई माझ्या पांघरुणाची होती. रात्रभर मला भूक लागत होती.